रेणूने लावलेला जोड

नरसय्या मेस्त्रींची जीभ काळी होती. काळ्या जिभेचा माणूस म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात, पण इथे तसलं काही नव्हतं. त्यांनी कुणाचं वाईट चिंतल्याचं मला तरी आठवत नाही. जीभ काळी झाली होती ती रबरी पाईप चोखून चोखून. होटगी रोडला माझं रबराच्या पाइपांचं आणि पॅकिंगचं दुकान आणि त्यांचं गॅरेज एकाच पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून होतं. माझ्याकडचा पाईप हातात आला की ते तिथेच काउंटरवर त्याचं एक टोक अंगठ्याने दाबायचे, दुसरं तोंडात धरून गाल आत जाईपर्यंत हवा ओढायचे आणि त्या टोकावर जीभ ठेवायचे. जीभ चिकटून राहिली तर पाईप पास. सुटली तर तो माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "शेट, ह्यो झाडांना पाणी घालायला ठिवा."

हे सगळं माझ्या गिऱ्हाइकांसमोर. मी चिडायचो. एकदा म्हटलंही, "मेस्त्री, माझ्या मालाची अब्रू काढता तुम्ही." त्या वेळी त्यांची जीभ पाइपाला चिकटलेली होती, त्यामुळे त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या. समोरचं गिऱ्हाईक हसलं आणि तोच पाईप घेऊन गेलं. मेस्त्रींनी पास केलेला पाईप म्हटल्यावर मग कंपनीबिंपनी कोणी विचारत नसे, हेही खरं.

इंजिन चालू असलं की ते हवा आत खेचतं. जुन्या पेट्रोल गाड्यांत या खेचीवर बरीच कामं चालतात. ब्रेक पायाला हलका लागतो तो तिच्यामुळे, ठिणगी वेळेवर पडते ती तिच्यामुळे, आणि रानावनात चालणाऱ्या गाड्यांत पुढची चाकं मागच्या चाकांच्या मदतीला येतात तीही काही वेळा तिच्यामुळेच. बोटाएवढे आणि काडीएवढे रबरी पाईप ही खेच इकडून तिकडे नेतात. त्यांना सगळे व्हॅक्यूमचे पाईप म्हणतात. त्यात कुठे बारीक चीर पडली, जोड सैल झाला, की गाडी उभ्या जागी थरथरायला लागते, आणि पायाने रेस दिली नाही तर बंद पडते. इतर मेस्त्री अशा वेळी कार्बोरेटर उघडून बसत. नरसय्या मेस्त्री मान तिरकी करून ऐकत आणि बोट नेमकं चिरेवर ठेवत.

ते मूळचे पद्मशाली, विणकरांच्या घरातले. वडिलांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि पान्हा निसटून बोटावर बसला की दोन्ही. मागाचं काम त्यांनी केलं नाही, पण एक सवय तिथूनच आणली होती. इंजिन उतरवायच्या आधी जो पाईप जिथे सुटणार तिथे दोन्ही तोंडांना एकाच रंगाचा सुताचा दोरा बांधायचा. चादरीच्या कारखान्यांतून उरलेलं रंगीत सूत त्यांच्या खिशात कायम असे. तांबडा ब्रेकचा, पिवळा ठिणगीचा, हिरवा पुढच्या चाकांचा. इंजिन परत बसलं की तांबड्याला तांबडा, हिरव्याला हिरवा. "सोडताना बांधलं की बांधताना सुटत न्हाय," असं ते म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत लग्नघरासारखे दोरे दिसायचे.

दुसऱ्याचं वाईट काम मात्र त्यांना सोसत नसे. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरात मांडवाच्या दारात आली. नवरदेवाची गाडी कुणाकडून तरी मागून आणलेली, जुनी, फुलांनी मढवलेली. मेस्त्री आहेर घेऊन माझ्या शेजारी उभे होते. बँड थांबला तशी त्यांनी मान तिरकी केली. ती मान मला ओळखीची होती. "मिसिंग मारायलीय की," एवढं म्हणून ते पुढे झाले आणि झेंडूच्या माळांसकट बॉनेट उघडलं. आत एक पाईप टोकाला फाटलेला. कापायला काही नव्हतं. मग त्यांनी नवरदेवाच्या हातातली कट्यार घेतली, टोकाचं लिंबू काढून त्याच्याच हातात दिलं, फाटका भाग कापला आणि पाईप परत बसवला. गाडी शांत झाली. माझी वहिनी लाल झाली होती. मेस्त्रींनी लिंबू पुन्हा कट्यारीला टोचून दिलं आणि म्हणाले, "आता लावा लगीन."

अशा माणसाच्या घरात रेणुका जन्मली. तिने पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्याकडे एका कारखान्यात थोडे दिवस काढले आणि एक दिवस बॅग घेऊन सरळ गॅरेजातच आली. "तिथं दिवसभर एकच नट आवळायचा, काका. माणूस येडं हुईल," ती मला म्हणाली. तिची आई, अंबूवहिनी, डोक्याला हात लावून बसली. मेस्त्री वरवर रागावले, पण संध्याकाळी माझ्याकडे पेढे घेऊन आले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "सायेब आले आमचे." तेव्हापासून तिला ते सायेब म्हणत, आणि जास्तच माया आली की बिड्डा, म्हणजे तेलुगूत लेकरू.

रेणू ओढणी कमरेला बांधून गाडीखाली शिरायची. बापासारखाच पाईप तोंडात धरायची, बापासारखीच माझ्या मालाची अब्रू काढायची. दुपारी बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून दोघं शेंगाचटणी नि भाकरी खात आणि भांडत. ऐकणाऱ्याला वाटावं, आता डबे फेकणार एकमेकांवर. मी भिंतीपलीकडून ओरडायचो, "गिऱ्हाईक पळतील ओ!" ती ओरडायची, "काका, तुमच्या पाइपांनी पळतील, आमच्या भांडणानं न्हाय!" त्या भिंतीचा आवाज आता गेला आहे आणि मला दुकानात करमत नाही, हे मी लपवत नाही.

रविवारी ती आडवाटेला गाड्या घालणाऱ्या मंडळींबरोबर जायची. मुरमाच्या खाणी, ओढे, पावसाळ्यातली काळी माती. त्यातून गाडी वर काढण्यात या लोकांना काय मिळतं ते मला कधी कळलं नाही. रेणूला स्वतःची गाडी हवी होती. मोडनिंबच्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागे लष्कराच्या लिलावातला एक छोटा ट्रक गंजत पडला होता. चारही चाकांना जोर लागणारा, मागे उघडा हौदा. इंजिन जाम. तिने तो ओढून आणला, जुन्या बाजारातून दुसऱ्याच गाडीचं चांगलं इंजिन मिळवलं, आणि बापाला बजावलं, "नाना, ह्या गाडीला तुमी हात लावायचा न्हाय. शपथ घ्या."

"बघायला तरी चालंल का, सायेब?"

"लांबनं."

मेस्त्रींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, आणि मग लांबून बघता बघता त्यांचा जीव जायला लागला. कारण दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं म्हणजे पाइपांची सगळी मांडणी नव्याने करायची. जुन्या इंजिनाची तोंडं एका बाजूला, नव्याची दुसरीकडेच. मेस्त्रींचं मत, पाईप जितका आखूड तितकी खेच चांगली. रेणूने सगळे पाईप इंजिनामागच्या पत्र्यावरून उंच नेले, लांबच्या वळणाने.

"एवडा वळसा कशाला गं? होटगीला जायला पंढरपूरवरनं जायलीस व्हय?"

"नाना, गाडी पाण्यात घालणार हाय. पाईप खाली ठिवलं तर पाणी चढंल की."

"गाडी पाण्यात घालायचीच कशाला मुळात?"

ती नुसती हसली. दोरे बांधायलाही तिने नकार दिला. "सगळं डोक्यात हाय माझ्या," म्हणाली. पण खरं भांडण झालं ते एका जोडावरून. नव्या इंजिनाला खेच बाहेर काढणारं एक तोंड कमी पडत होतं. तिने एकाच तोंडाला तीन तोंडांचा जोड लावला आणि त्यातून दोन पाईप काढले, एक ठिणगीचा, एक पुढच्या चाकांचा. मेस्त्रींना ते बघवेना. "एका चुलीवर दोन संसार न्हाईत चालत बिड्डा. दुसरं भोक पाड, नवं तोंड बसीव. न्हायतर हुबी ऱ्हायली की थरथरंल गाडी."

"आत्तापुरतं हाय ओ. एकदा चालू हुंदे, मग पाडते भोक."

मेस्त्री माझ्या दुकानात येऊन बसले. हात मांड्यांखाली दाबून. मी चहा मागवला तर म्हणाले, "शेट, शपथ घिऊन चूक झाली बघा."

पावसाळा सरत आला होता. रेणूला ताप आला. साधाच म्हणून आधी घरी काढला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. रक्तातलं काय काय उतरत गेलं ते डॉक्टर सांगत आणि मेस्त्री सगळ्याला मान हलवत. मी रक्त द्यायला माणसं गोळा करत होतो तेव्हा माझा फोन वाजला आणि पलीकडून अंबूवहिनींचा नुसता आवाज आला, शब्द नाहीत. पोरगी गेली. तिशीच्या आतली, हसरी, हाताने काम करणारी पोरगी. मला अजूनही त्या दिवसाचं नीट सांगता येत नाही.

गॅरेज बरेच दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा मेस्त्रींनी बाहेरच्या गाड्या घेतल्या नाहीत. ट्रक मध्येच उभा होता, बॉनेट वर, आत इंजिन बसलेलं, आणि निम्मे पाईप एका टोकाने लावलेले, दुसरं टोक लोंबत. त्यावर त्यांनी घरची चादर टाकली होती. ती बाजूला करून ते बसून राहत. दोरा एकालाही नव्हता.

एका दुपारी ते काउंटरवर आले. "शेट, रेणू तुमच्याकडनं काय काय न्हेत हुती, आटवतंय का? कुटला पाईप, किती लांब?"

मला आठवत होतं. दुकानदाराला तेवढंच आठवतं. बारीक पाइपाचा तिने फार मोठा तुकडा मागितला होता. एवढा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली होती, काका, कोपऱ्यावर मोठं वळण द्यायचंय, पाईप मोडायला नको. मी हे सांगितलं तेव्हा मेस्त्रींनी डोळे मिटले. "मोटं वळण," ते म्हणाले. "आसं म्हनली व्हय?" आणि जवळजवळ पळतच गेले. त्या तुकड्याच्या लांबीवरून त्यांना कळलं की ती तो पाईप इंजिनाच्या मागून, डावीकडून आणणार होती.

मग रोज तेच चाललं. एखादा पाईप धरायचा, इकडून नेऊन बघायचा, काढायचा, तिकडून न्यायचा. मला हाक मारून विचारायचे, "तिनं हितनं न्हेला आसता का ओ?" मला काय कळणार! तरी मी जायचो, बघायचो आणि काहीतरी म्हणायचो. आखूड आणि चांगली वाट त्यांना समोर दिसत होती. हात आपोआप तिकडे जायचा, मग ते तो परत घ्यायचे. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिने लावलेल्या पाइपांतला एकही ते तपासायला तोंडात घेत नव्हते. मी विचारल्यावर म्हणाले, "तिच्या तोंडचं हाय त्ये." ब्रेकचा जाड पाईप तिने आधीच पुरा केला होता. तो बोटांनी चाचपून ते म्हणाले, "ह्यात बोट ठिवायला जागा न्हाय ठिवली पोरीनं."

ट्रक चालू करायच्या दिवशी अंबूवहिनी हळदकुंकू घेऊन आल्या. रेणूच्या रविवारच्या मंडळींतला इम्तियाज आला, ज्याच्या गाडीत बसून ती पहिल्यांदा चिखलात गेली होती. मेस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आणि मग मेस्त्रींनी रेसवरचा पाय काढला तसा ट्रक थरथरायला लागला. सूं असा बारीक आवाज मलाही ऐकू आला. तीन तोंडांचा तो जोड.

मी मेस्त्रींच्या मानेकडे बघत होतो. ती तिरकी झाली. ज्या माणसाने वरात अडवून बॉनेट उघडलं होतं, तो उठला, इंजिनापर्यंत गेला, जोडाकडे बघितलं, आणि बॉनेट हलकेच खाली लावलं.

इम्तियाज म्हणाला, "मेस्त्री, नवीन तोंड बसवलं की झालं. मी बसवू का? रेणू खुदच बदलणार हुती. मला बोलली हुती तसं."

"मलाबी बोललीती."

"मग?"

"मग काय. ती बदलनार हुती."

इम्तियाजचा हात बॉनेटकडे गेला. मेस्त्रींनी त्याचं मनगट धरलं, रागाने नाही, एखाद्या झोपलेल्याला उठवू नये म्हणून धरतात तसं. तेव्हा अंबूवहिनी बोलल्या. एरवी त्या गॅरेजात तोंड उघडत नसत. "दुरुस्त करा की ओ. सगळ्यांना ठावं हाय, गाडी पोरीनं बांदली. आशी थरथरताना बघितली तर लोक म्हनतील, तिला काम येत न्हवतं. मेल्यावर तिला नाव ठिवतील."

मेस्त्रींनी इम्तियाजचं मनगट सोडलं. तो जोड काढला तर गाडीत तिचं शेवटचं काम राहत नव्हतं. ठेवला तर तिच्या नावाला बट्टा. मग ते म्हणाले, "लोकांना म्या सांगतो. पाईप म्या टाकलेत."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. गाडी रोज ते स्वतः चालवायला लागले. गॅरेजाच्या दारात ती उभी राहून थरथरायची आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, मेस्त्री, हे कुणाचं काम? "माजंच," ते म्हणत. पहिल्यांदा लोक हसले. मग हसेनासे झाले. ज्याला स्वतःच्या गाडीची थरथर काढता येत नाही, त्याच्याकडे कोण गाडी देणार? माझ्याच दुकानात गिऱ्हाइकं कुजबुजायची, मेस्त्रींचा हात गेला, पोरीच्या दुःखाने डोकं चालेना. माझ्या जिभेवर खरं येऊन थांबायचं. एकदा मी न राहवून त्यांना म्हणालो, "मेस्त्री, उभ्या आयुष्यात कमावलेलं नाव घालवता आहात तुम्ही."

"कुनासाटी कमवलं हुतं शेट?" ते म्हणाले.

काम कमी होत गेलं आणि शेवटी आटलं. आता ते भिवंडीला भावाकडे असतात. इथे त्यांच्या गॅरेजाच्या जागेत कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकतं, आणि दिवसभर गाणी लावतं. भावाने इथलं सगळं विकून ये म्हणून सांगितलं होतं. मेस्त्रींनी हत्यारं विकली, लेथ विकली, ट्रक विकला नाही. रेणूच्या मंडळींतल्या एकाने हौसेने मागितला होता. त्याला त्यांनी सांगितलं, "चांगली गाडी घ्या ओ. ह्याच्यात दोष हाय."

गेले त्या सकाळी दुकानात माझा निरोप घेऊन निघाले. वहिनी पुढे बसल्या होत्या, मागच्या हौद्यात संसार दोरीने बांधलेला. थोड्या वेळाने मी काही कामासाठी स्कूटर काढली, तर सात रस्त्याच्या सिग्नलला ते पुन्हा दिसले. मी चार गाड्या मागे होतो. ट्रक उभ्या जागी थरथरत होता, हौद्यातली भांडी वाजत होती, आणि बंद पडू नये म्हणून मेस्त्री सारखी रेस देत होते. धूर होत होता. बायकोला मागे बसवलेला एक दुचाकीवाला अगदी त्यांच्या खिडकीला लागून उभा होता. त्याने नाकावर रुमाल धरला आणि ओरडला, "ओ काका! मरायलीय की गाडी! मेस्त्री बदला तुमचा!"

मेस्त्रींनी खिडकीतून त्याच्याकडे बघितलं आणि समजुतीने मान हलवली.

"व्हय बाबा," ते म्हणाले. "त्याचा हात गेलाय आता."

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी पाय दाबला, थरथर थांबली आणि ट्रक पुणे नाक्याकडे निघून गेला.